धर्माच्या शोधात तेरेखोलच्या काठी

काशीला जाऊन आलेली माणसं गावभर प्रसाद वाटतात, चार दिवस तेच तेच सांगून लोकांना हैराण करतात. आम्ही दोघं भावंडं गोव्याला जाऊन आलो आणि कुणाच्या हातावर साखरेचा दाणा ठेवला नाही, की धड चार वाक्यं सांगितली नाहीत. आमच्या वाशी गावातली माणसं अजून विचारतात, "मास्तर, गोवा कसा हाय वो?" मी म्हणतो, "हिरवागार आहे, माणसं चांगली आहेत." आणि छत्री काखेत मारून शाळेची वाट धरतो. उत्तर चुकवायची मला सवय लागली आहे आणि तिचा आता कंटाळा आला आहे. म्हणून हे लिहायला बसलो. मी मूळचा तापट माणूस, पाल्हाळ मला जमत नाही. जे पाहिलं, जे ऐकलं, तेवढं सांगतो.

प्रवास बासष्ट सालचा, माघ महिन्यातला. पण त्याचं मूळ पंचावन्नच्या श्रावणात आहे, तेव्हा आधी ते.

गोवा त्या वेळी फिरंग्यांच्या ताब्यात होता. आपल्याकडे स्वातंत्र्य येऊन आठ वर्षं झाली होती आणि तिथे भिंतीवर 'जय हिंद' लिहिलं तरी माणसाची पाठ फोडून काढत. इकडून सत्याग्रहींच्या तुकड्या सरहद्द ओलांडायला निघत. हातात झेंडा, बाकी काही नाही. आमच्या गावात वर्तमानपत्र यायचं ते माझ्याकडे, म्हणजे शाळेत. संध्याकाळी देवळासमोर बसून मी ते मोठ्यानं वाचून दाखवायचो. वाचता वाचता आवाज चढायचा, मग पेपर राहायचा बाजूला आणि मी भाषणच ठोकायचो. धाकटी बहीण चांगुणा, तिचा नवरा धर्मा अगदी पुढ्यात बसायचा. आगरी गडी, पोरवयापासून मिठागरात राबलेला, बोलायला कमी. एक दिवस मी असाच तावातावानं बोलत होतो तर हा उठून उभा राहिला. म्हणाला, "मास्तर, तुमी नुसता वाचताव. मी जातंव."

मी काय म्हणावं? मी हार आणवला!

त्याच्या तुकडीला सरहद्दीवरची एक खाडी पायी उतरून जायची होती. तुकडीतले बहुतेक घाटावरचे, पाण्याला बिचकणारे. मग मी मोठ्या ऐटीत पंचांग काढलं आणि पंधरवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा वहीच्या कागदावर लिहून दिल्या. आमच्या खाडीकाठी हे गणित शेंबड्या पोरालाही येतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. धर्माला ते तोंडपाठ होतं, कागदाची गरज नव्हती. पण लिहिलेलं असलं की पुढाऱ्यांना दाखवता येतं, असं मी म्हणालो. चांगुणानं त्याला ओवाळलं. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती.

आठ-दहा दिवसांनी बातमी आली की त्या खाडीवर फिरंगी पोलिसांनी गोळ्या घातल्या. मेलेल्यांच्या यादीत धर्मा नव्हता. पकडलेल्यांत नव्हता. परत आलेल्यांतही नव्हता. मी पत्रांमागून पत्रं पाठवली. साताऱ्याकडच्या एका सत्याग्रहीचं उत्तर आलं: 'पाणी अचानक चढले. आपल्या मेव्हण्यांनी मला ओढून काठावर टाकले. पुढे ते दिसले नाहीत.' अचानक! खाडीचं पाणी कधी अचानक चढतं का हो? सगळा जन्म खाडीकाठी काढलेल्या माणसाला तो शब्द टोचायला हवा होता. मी तो वाचला आणि पुढे गेलो.

मग साडेसहा वर्षं चांगुणा ना सवाष्ण, ना विधवा. मीच म्हटलं होतं, "देह पाहिला नाही तोवर कुंकू पुसायचं नाही. तुरुंगात असेल." तिनं ऐकलं. पण गावात हळद असली की घराघरांतून बायकांना बोलावणं जाई आणि तिच्या दाराशी येऊन बोलावणारी घुटमळे. कुणी बोलवी, कुणी नजर चुकवून पुढे जाई. बोलावलं तरी ती हळद लावायला पुढे होत नसे, मागे भिंतीशी बसून राही. एकसष्ट सरता सरता आपलं लष्कर गोव्यात शिरलं, फिरंगी गेले, तुरुंग उघडले. महिनाभर ती रोज संध्याकाळी बंदरावर जाऊन उभी राहिली. मग एक दिवस शाळेच्या दारात येऊन म्हणाली, "दादा, तो हाय का नाय, येवडा मना समजला पायजे. तू चल, नायतर मी येकली जातंव."

बोटीवर

वाशीहून मचव्यानं मुंबईला, भाऊच्या धक्क्यावरून बोट. हा आमचा नेहमीचा रस्ता, त्यात सांगण्यासारखं काही नाही. बोट मात्र मी पहिल्यांदाच चढत होतो. वरच्या मजल्यावर चटई पसरून बसलो. आजूबाजूला मालवणकडच्या बायका, त्यांच्या ट्रंका, कोंबड्या, केळीचे घड. अलिबाग मागे पडेपर्यंत मी चांगुणाला समुद्राविषयी चार गोष्टी समजावून सांगत होतो. त्यानंतर जे सुरू झालं ते काय सांगू! पोटातलं सगळं कठड्यावरून खाली. शेजारची एक म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. "खाडयेकाठचो माणूस मां तू? मगे वकतंस कित्याक?" चांगुणाही हसली. पुष्कळ दिवसांनी हसली, म्हणून मी रागावलो नाही.

तिला काही झालं नाही. ती तांदळाची भाकरी आणि सुकट खात बसली होती. म्हातारीला दिली तर तिनं चाखून पाहिलं. "खोबरा नाय, तिरफळ नाय, नुसती चिंच!" असं म्हणून तिनं आपला डबा उघडला. त्यात बांगड्याचं तिखलं होतं, दाट, तिरफळाच्या वासाचं. चांगुणाला ते आवडलं. दोघींनी डबे बदलले आणि मी तिसरीकडे तोंड करून लिंबू चोखत राहिलो.

म्हातारीनं विचारलं, "खंय जातात?"

"नवऱ्याला आनाला," चांगुणा म्हणाली. सरळ, बाजारातून मीठ आणायला जावं तशी. म्हातारी गेल्यावर मला म्हणाली, "दादा, भेटला ना तो, तं आदी दोन थोबाडीत देनार हाय मी. साडेसा वर्सा येक चिट्टी नाय!" मी म्हटलं, "दे. माझ्या वाटच्या दोन त्यातच घाल."

शिरोड्याचं मिठागर

वेंगुर्ल्याला बोटीतून पडावात आणि पडावातून गुडघाभर पाण्यात उतरलो. तिथल्या खानावळीत सकाळी उकड्या तांदळाची पेज मिळाली. आमच्याकडे पेज आजाऱ्याला देतात. इथे धडधाकट माणसं खोबऱ्याची कातळी आणि लोणचं घेऊन भुरके मारत होती. मी नाक मुरडलं आणि दोन वाट्या संपवल्या.

तिथून सरहद्दीकडे जाणारी एस्टी शिरोड्याला बंद पडली. कंडक्टर म्हणाला, तासभर लागेल. तासभराचे तीन तास होणार हे मी ओळखलं आणि त्याच्याशी भांडायला उभा राहिलो. चांगुणा तेवढ्यात दिसेनाशी झाली. शोधत गेलो तर बाई मिठागराच्या बांधावर उभी. शिरोड्याला मिठागरं आहेत. पांढरे ढीग, मीठ पिकवायची कोरडी कोंडी, उन्हात काळी पडलेली माणसं. अगदी आमचंच गाव उचलून आणून ठेवलेलं. तिनं मीठ उचलून जिभेवर ठेवलं होतं आणि तिथल्या बायकांशी बोलणं सुरू केलं होतं. "यांचा दाना बारीक हाय दादा. आपला जाडा."

मग ती उघाडीपाशी गेली. खाडीचं पाणी भरतीला आत घ्यायचं आणि मग फळी टाकून अडवायचं, ते तोंड म्हणजे उघाडी. पाणी काठोकाठ भरलं होतं, आणि एक गडी फळी टाकत होता. म्हणजे भरती पुरी झाली.

"दादा, आज कनची तिथ?"

"षष्ठी."

"म्हंजे साडेचारला भरती." तिनं उन्हाकडे पाहिलं. "आता तं तीन वाजून जरासाच झाला हाय. पानी आताच कसा भरला?"

मी घड्याळ पाहिलं. सव्वातीन. "घड्याळ मागे पडलं असेल," मी म्हणालो. "नाहीतर पंचांग बघताना माझी तिथीची गफलत झाली असेल. चल, एस्टी सुटेल."

एस्टी सुटणार नव्हती. बॉनेट उघडं टाकून ड्रायव्हर चहाला गेला होता. पण मला तिथे उभं राहायचं नव्हतं. चांगुणा चालताना दोनदा मागे वळून त्या पाण्याकडे पाहत होती. मी तिच्यावर ओरडलो, उगाच, भररस्त्यात.

सरहद्द

दुसऱ्या दिवशी दुपारी तेरेखोल नदीच्या काठावरच्या एका वाडीत पोचलो. नदी म्हणायची, पण समुद्र जवळ, म्हणून ती खाडीच. अलीकडे सावंतवाडीचा मुलूख, पलीकडे गोवा. ज्या सरहद्दीच्या बातम्या मी घसा फोडून वाचल्या होत्या ती मी पहिल्यांदाच पाहत होतो. काय होतं तिथे? होडीनं पलीकडे उतरलो तर एक कौलारू चौकी, कौलं अर्धी उतरवून नेलेली. रस्त्यावर आडवा टाकायचा लाकडी अडसर कुणीतरी दोन झाडांना बांधून त्यावर गोधड्या वाळत घातल्या होत्या. एवढ्यासाठी माणसं मेली! मला इतका संताप आला की मी त्या चौकीच्या भिंतीला लाथ घातली. भिंत जांभ्या दगडाची होती. नख फुटलं, रक्त आलं.

चौकीसमोर एका बाईचं चहाचं दुकान होतं. तिनं पायावर हळद दाबली, चहा दिला आणि चहाबरोबर पाव. पाव आमच्याकडे आजाऱ्याचा खाऊ आणि इथे रोजचा. आमचं काम ऐकून ती चुलीपाशी बसली. त्या वर्षांत काय काय झालं ते तिनं सांगितलं. तिच्या दिराच्या घरात झेंड्याचं कापड सापडलं म्हणून त्याला याच चौकीत तीन दिवस उलटा टांगला होता. सत्याग्रहींना भाकरी दिली म्हणून तिच्या शेजारणीचं डोकं भादरून तिला बाजारातून फिरवली. होड्या साखळदंडानं बांधून किल्ल्या पोलिसांनी आपल्याकडे ठेवल्या, त्यामुळे मासेमारी बंद, दोन पावसाळे लोकांनी कंदमुळं खाल्ली. ती हे सगळं चहात साखर घालता घालता सांगत होती. मध्येच थांबून विचारायची, "गोड झालो मां?"

धर्माचं वर्णन मी सांगितलं. उंच, काळा, डाव्या भुवईवर खोक. तिनं मान हलवली. "माका ठावक नाय. पण त्या दिसाचा सगळा बाबल तारयाक ठावक. तेका इचारा."

बाबल तारी

तारी म्हणजे होडीवाला. बाबल साठीच्या पुढचा, कमरेला लंगोटी, डोक्याला लाल फडकं. उतारापाशी, म्हणजे जिथून पूर्वी ओहोटीला माणसं पायी पलीकडे जात तिथे, त्याचं खोपट. आम्ही गेलो तेव्हा जाळं तुणत बसला होता. मी एवढंच सांगितलं की ही माझी बहीण, हिचा नवरा पंचावन्नच्या श्रावणात या उतारावरून आला होता. मी मास्तर आहे हे मी सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल.

बाबलनं जाळं खाली ठेवलं.

"आदल्या दिसा सांजच्या मी लपान-छपान पलीकडे तुमच्या काठाक गेल्लंय," तो म्हणाला. "तेंका सांगलंय, होडयो बांधलेल्यो आसत, चलतच येवचा लागतला. पण फाल्यां सकाळी आठाच्या आत उतार पार करा. पावणेनवाक पाणी फिरता. मगे पाय घालू नकात. तेंच्यात एक उंच माणूस होतो, हय खोक." त्यानं स्वतःच्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं.

चांगुणानं माझा हात धरला.

"तो हसलो. म्हणता, काका, मी पन खाडीतला हाय, धा वाजता ओहोटी. मी म्हटलंय, नाय रे बाबा. तर तेणा खिशातसून कागद काढल्यान. आमच्या मास्तरचा कागद हाय म्हणता, खोटा नाय व्हनार. माका वाचूक येत नाय. पण अक्षर बरा होता. एकदम बरा."

मी खाली पाहत होतो.

"मी तेका परत सांगलंय. तुमचो कागद तुमच्या खाडयेचो. दर्यो खालसून वर जाता, आमच्याकडे आधी येता, मगे तुमच्याकडे. तास-सव्वातासाचो फरक. पण तेंचो पुढारी म्हणालो, लिवलेला आसा तर तसाच करुया. आणि तो उंच माणूस म्हणालो, मास्तर शिकलेलो, तो चुकाचो नाय."

साडेनऊला ते पाण्यात उतरले. बाबल कांदळाच्या झाडीत लपून पाहत होता. पाणी फिरून पाऊण तास झालेला, वरून पावसाचा लोंढा. दोर धरून एकेक जण येत होता. पुढचे काठावर चढले, झेंडा वर केला, घोषणा दिली, आणि चौकीकडून बंदुका सुरू झाल्या. मागे फिरावं तर उतारावर गळाभर पाणी. घाटावरची माणसं, पोहता येईना. वेळेवर उतरली असती तर गोळ्या लागल्याच असत्या, पण मागे पळायला वाट राहिली असती. हे बाबल नाही म्हणाला, मी म्हणतो.

"तो एकटो पोवणारो," बाबल म्हणाला. "चार जणांक ओढून तुमच्या काठाक नेल्यान. पाचव्यासाठी परत फिरलो, तेव्हा गोळी लागली. मगे पाण्यानं तेका नेलो."

चांगुणा रडली नाही. तिनं विचारलं, "देह गावला का?"

"तिसऱ्या दिसा कांदळात अडकलेलो गावलो. पोलिसांनी सांगलेला, खंयच्या मड्याक हात लावशात तर घरां जाळू. मी आणि माझो भाव, दोघांनी पहाटे वाळवेर नेलंव. ओली लाकडा, करवंट्यो, गावला ता घातला आणि जाळलंव. चेहरो सुजलेलो, मासळयेन खाल्लेलो. तो तोच की दुसरो कोण, देवाक ठावक." तो मग खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, एक सांगू? सगळो माणूस जळलो. पाय जळूक नाय. घोट्याखालचे दोनय पाय तसेच रवले. दोनदा लाकडा घातलंव, तरी नाय. भाव भियालो. माका वाटला, ह्येका अजून खंय तरी जावचा आसा. मगे ते पाय थंय उंडीच्या झाडाखाली पुरलंव. ह्या सगळ्या वर्सांत मी त्या झाडाखालसून गेलंय नाय."

चांगुणा उठून उभी राहिली. "त्योच," ती म्हणाली. "भिव नको काका. मीठ हाय त्ये."

ज्यांनी मिठागर पाहिलं नाही त्यांना हे कळणार नाही, म्हणून सांगतो. जन्मभर खाऱ्या कोंडीत उभं राहून माणसाच्या पायांत मीठ भिनतं. कातडं लाकडासारखं होतं. आमच्याकडे मिठागरातला माणूस गेला की त्याचे पाय पहिल्या अग्नीत जात नाहीत. दुसऱ्या दिवशी राख सावडायला जाताना लोक वेगळी लाकडं घेऊन जातात आणि पायांना दुसरा अग्नी देतात. त्याचं आम्हाला ना भय ना आश्चर्य. आमच्या वडलांच्या पायांना मीच दिला होता. त्या तुकडीत असे पाय दुसऱ्या कुणाचे नव्हते. चांगुणाला ज्या उत्तरासाठी साडेसहा वर्षं झोप नव्हती ते या म्हाताऱ्यानं भीत भीत सांगितलं होतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं, शिव्या दिल्या असत्या, माझ्या छातीवर बुक्क्या मारल्या असत्या, तर बरं झालं असतं. शिरोड्याच्या उघाडीपाशीच तिला समजलं होतं, मला आता खात्री आहे. मलाही समजलं होतं. म्हणून तर मी ओरडलो होतो.

उंडीचं झाड

बाबलनं कुदळ आणली. हातभर खाली काही हाडं सापडली, बोटांची, टाचेची. माती लागून तांबूस झालेली. चांगुणानं ती पदरात घेतली, खाडीच्या पाण्यात धुतली. बाबलच्या भावानं सुकी लाकडं आणून वाळूत रचली. चहावाली बाई खोबरेल घेऊन आली. कुणी बोलावलं नव्हतं, पण वाडीतली दहा-बारा माणसं येऊन उभी राहिली, बायकासुद्धा. आमच्याकडे बाई अशा ठिकाणी जात नाही, तिकडेही जात नसावी. त्या दिवशी कुणी हे काढलं नाही.

मी कोट काढून ठेवला आणि काड्यापेटीसाठी बाबलपुढे हात केला. मूल नव्हतं, भाऊ नव्हता, धर्माचं म्हणायला पुरुषमाणूस मीच होतो.

"तू नको दादा," चांगुणा म्हणाली.

एवढंच. आवाज चढलेला नव्हता. तिनं काड्यापेटी घेतली आणि स्वतः अग्नी दिला. मी दोन पावलं मागे सरून वाडीतल्या माणसांत जाऊन उभा राहिलो. कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात झटकून टाकावा असं वाटत होतं आणि तो तिथेच राहावा असंही वाटत होतं.

लाकडं सुकी होती, लवकर जळून गेली. चांगुणा खाडीत कमरेपर्यंत गेली, राख सोडली, आणि ओंजळीत पाणी घेऊन कपाळ चोळचोळून धुतलं. बांगड्या दगडावर फोडल्या. मग मात्र ती ओरडली. "धर्मा!" नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं. ते एकदाच घेतलं, पलीकडचा काठ दणाणला. चहावालीनं पाण्यात जाऊन तिला धरून आणलं, सुकं लुगडं दिलं, चुलीपाशी बसवून पेज पाजली. ती प्यायली. मलाही वाडगा दिला. माझ्या घशाखाली ती उतरली नाही.

संध्याकाळच्या एस्टीसाठी अलीकडे यायचं होतं. बाबलनं होडी काढली. होडीचं भाडं म्हणून मी पैसे पुढे केले तर त्यानं हात मागे घेतला. मी पुढच्या फळीवर, चांगुणा मधे, तो मागे वल्हं घेऊन. पाणी ओसरत होतं, कांदळाची मुळं उघडी पडली होती, त्यांवर बगळे बसले होते. काठ जवळ आल्यावर बाबल म्हणाला, "बाई, एक इचारतंय, रागाव नको. तो कागद लिवणारो मास्तर. तुमच्याच गावचो मां तो? आसता खंय?"

सांगावं, मी तो, असं मनात आलं.

"मेला तो, काका," चांगुणा म्हणाली. "त्याच साली."

बाबलनं वल्हं थांबवलं आणि दोन्ही हात जोडले. "बरा झाला बाई. सुटलो. जितो आसतो तर तेच्या घशाखाली घास उतारलो नसतो."

मग मला रडू फुटलं. मी मास्तर, पन्नास पोरांना छडीनं रडवणारा, फळीवर डोकं टेकून हमसून हमसून रडलो. होडी काठाला लागली तरी मला उठता येईना. बाबल खाली उतरला, मला दंडाला धरून उठवू लागला. "रडा, रडा," तो म्हणत होता, "मेव्हणो म्हटल्यार सख्ख्या भावासारखोच." चांगुणा आमच्याकडे पाठ करून काठावर उभी होती. तिनं त्याला काही सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.